रुआन्जातू सी वालू आलिना: ऐंशी हजार दोनशेचा हिशेब

मादागास्करच्या बाजारातला दुकानदार म्हणतो, ‘रुआन्जातू सी वालू आलिना.’ वहीत पडायला हवेत ८०,२००. मालागासी या तिथल्या भाषेचे अंक नुकतेच पाठ केलेल्या माणसाच्या वहीत पडतात २००, किंवा ८,२००. आणि तीन ओळींची बेरीज केली की दुकानदाराचे ८०,२०० आणि वहीतले २०,२०० समोरासमोर येतात. दोघांपैकी कोणीही लबाड नाही. मधले साठ हजार कुठे गेले, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

हिशेब असा आहे. रकमा नियम नीट दिसावेत म्हणून निवडल्या आहेत. माप, शब्द आणि चलन मात्र तिथल्या बाजारातलंच आहे.

तांदूळ ३५ कापुआका, दर ८०० आरिआरी: २८,०००
सुका घेवडा १२ कापुआका, दर १,२५० आरिआरी: १५,०००
तेल ४ लिटर, दर ९,३०० आरिआरी: ३७,२००
एकूण: ८०,२०० आरिआरी

कापुआका म्हणजे आटीव दुधाचा रिकामा डबा. आपल्याकडे शेर-मापटं असायचं, तसा तिथे किरकोळ तांदूळ या डब्याने मोजतात. साधारण साडेतीन डब्यांचा एक किलो होतो, म्हणजे ३५ डबे हा दहा किलो तांदूळ झाला. आरिआरी हे देशाचं चलन.

सहा घरं

मालागासी ही मलाया-पॉलिनेशियन कुळातली भाषा. तिची सख्खी नाती आफ्रिकेत नाहीत, ती हिंदी महासागरापलीकडे बोर्निओ बेटावर बारितो नदीच्या खोऱ्यात सापडतात. तिथल्या मा’आन्यान भाषेशी तिचं नातं नॉर्वेचे ओट्टो ख्रिश्चन डाल यांनी १९५१ साली तपशिलाने मांडलं. अंकांत हे नातं उघड दिसतं. मलायी भाषेत शंभराला रातुस आणि हजाराला रिबू, तर मालागासीत झातू आणि आरिवू. पाचाला मलायीत लिमा, इथे दिमी.

एक ते नऊ असे: इराय, रुआ, तेलू, एफाट्रा, दिमी, एनिना, फितू, वालू, सिवी. दहा म्हणजे फुलू. नुसतं मोजायला सुरुवात करताना ‘इराय’ऐवजी ‘इसा’ म्हणतात, आणि अकरा, एकवीस अशा जोडसंख्यांत एकाचं रूप ‘इराइका’ होतं. ही प्रमाण भाषेची रूपं आहेत. उत्तरेला आणि पश्चिमेला एकासाठी ‘आराइकी’ ऐकू येतं.

दशकं: रुआपुलू २०, तेलूपुलू ३०, एफापुलू ४०, दिमामपुलू ५०, एनिमपुलू ६०, फितूपुलू ७०, वालूपुलू ८०. दहाचा ‘फ’ जोडात ‘प’ होतो. नव्वदीला तेवढा होत नाही, ती सिविफुलू.

शेकडे: झातू १००, रुआन्जातू २००, तेलून्जातू ३००, एफाजातू ४००, दिमान्जातू ५००, एनिन्जातू ६००, फितून्जातू ७००, वालून्जातू ८००, सिविन्जातू ९००. यातला ‘ज’ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, तो ‘जवळ’मधला ज आहे, ‘जीवन’मधला नव्हे.

याच्या पुढची नावं मराठी वाचकाला इंग्रजी किंवा फ्रेंच वाचकापेक्षा जवळची वाटतील. हजार म्हणजे आरिवू. दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे: आलिना. (रात्र या अर्थाचा शब्दही आलिनाच आहे.) लाखालाही स्वतंत्र शब्द आहे: हेत्सी. दहा लाख म्हणजे तापिट्रिसा. हा ‘तापिट्रा’ म्हणजे संपलं आणि ‘इसा’ म्हणजे गणती यांचा जोड आहे, गणतीच संपली असा. फ्रेंचांना लाख सांगायला ‘शंभर हजार’ म्हणावं लागतं. आपल्याला आणि मालागासींना एक शब्द पुरतो.

हेत्सी तर आपल्याच घरातून गेलेला शब्द आहे. संस्कृत ‘कोटि’ जावा-मलायाकडे ‘केती’ झाला, आणि तिकडे त्याची किंमत घसरून लाखावर आली. तसाच ‘लक्ष’ हा ‘लाक्सा’ झाला आणि दहा हजारांवर उतरला. मालागासीत मूळ ‘क’चा ‘ह’ आणि ‘ती’चा ‘त्सी’ होतो, म्हणून केतीचा हेत्सी. ध्वनी ओळखून कोणी हेत्सीला कोटी धरलं, तर हिशेब शंभरपटीने चुकेल.

म्हणजे एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लाख ही आपली सहा घरं त्यांच्या सहा घरांवर जशीच्या तशी बसतात. शब्दांची अडचण इथे संपते. अडचण क्रमाची आहे.

आपण अर्धे उलटे, ते पूर्ण उलटे

मालागासीत संख्या सर्वांत लहान घरापासून सुरू होते आणि मोठ्याकडे चढत जाते. पस्तीस म्हणजे ‘दिमी आंबी तेलूपुलू’, तिसावर पाच. ‘आंबी’ म्हणजे वरचं, जास्तीचं. पूर्ण रूप ‘आंबिन-नी’ असं आहे आणि भरभर बोलताना बारा ‘रुआ-आंबिनिफुलू’ असा एकाच शब्दासारखा ऐकू येतो. अंतानानारिवोभोवतीच्या बारा पवित्र टेकड्यांच्या नावात हेच बारा आहेत. राजधानीच्या नावातही संख्या आहे: ताना म्हणजे गाव, आरिवू म्हणजे हजार, हजारांचं गाव.

पस्तिसापर्यंत मराठी कान आरामात चालतो, कारण पाच आधी आणि तीस नंतर हे आपल्याला नवीन नाही. ‘पस्तीस’ ऐकून आपण ३ आधी लिहितो आणि ५ नंतर, हे लहानपणी अंगवळणी पडलेलं असतं. ते सहज पडत नाही, हेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा झालेला वाद याच उलट्या क्रमावरून होता.

पण आपली उलटी चाल शेवटच्या दोन घरांपुरतीच आहे. ‘दोनशे पंचेचाळीस’मध्ये आपण २, मग ५, मग ४ असं बोलतो. मालागासी माणूस ‘दिमी आंबी एफापुलू सी रुआन्जातू’ म्हणतो: ५, ४, २. आपण शेकड्यापासून वर मोठं आधी सांगतो, तो अखेरपर्यंत लहान आधी सांगतो. मराठी भाषकाची चूक नेमकी या सांध्यावर होते. पहिले दोन शब्द ओळखीच्या वाटेने जातात, म्हणून तो निर्धास्त होतो, आणि तिसऱ्या शब्दापासून त्याचा हात आपल्या सवयीने पुढे चालतो.

इतर नातलग भाषांची मदत इथे होत नाही. मलायीत ‘दुआ पुलुह सातू’ म्हणजे वीस-एक, मोठं आधी. इंडोनेशियात राहून आलेल्याला मालागासीचे शब्द ओळखीचे वाटतात आणि तरी रक्कम चुकते.

मदत होते ती शाळेतल्या पाढ्याची. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष: घरांची नावं आपण लहानाकडून मोठ्याकडेच म्हणतो. मालागासी माणूस संख्या बोलतो त्याच क्रमाने. हे एकदा डोक्यात बसलं की भाषा बदलल्यासारखं वाटत नाही, फक्त संख्या ‘एकं-दहं’च्या चालीवर म्हटली जाते.

एक फरक लक्षात ठेवायचा. एकोणतीस, एकोणचाळीस अशी वजाबाकी तिथे नाही. २९ म्हणजे ‘सिवी आंबी रुआपुलू’, विसावर नऊ. एकोणतीस म्हणताना आपल्या मनात तीस असतात, आणि तेच घाईत ‘तेलूपुलू’ होऊन बाहेर पडतात.

साठ हजार कुठे गेले

आता पहिली ओळ. तांदळाचे २८,००० दुकानदार असे सांगतो: ‘वालू आरिवू सी रुआ आलिना.’ आठ हजार आणि दोन दशहजार.

‘वालू आरिवू’ ऐकताच मराठी कानाला रक्कम पूर्ण झाल्यासारखी वाटते. आपल्याकडे हजार ऐकल्यावर पुढे जे येतं ते हजाराहून लहानच असतं, आणि ते आलं नाही तर रक्कम संपली. त्यात ‘सी’ म्हणजे ‘आणि’. ‘आठ हजार, आणि…’ असं ऐकू आल्यावर पुढची वस्तू सुरू झाली असं वाटणं स्वाभाविक आहे. वहीत ८,००० पडतात. घेवड्याचे ‘दिमी आरिवू सी इराय आलिना’ तसेच ५,००० होतात. तेलाचे ‘रुआन्जातू सी फितू आरिवू सी तेलू आलिना’ हे ७,२०० होतात. शेवटचा ‘तेलू आलिना’ गळतो.

८,००० अधिक ५,००० अधिक ७,२०० म्हणजे २०,२००. गळालेले दशहजार मोजा: दोन, एक, तीन, मिळून सहा. साठ हजार सापडले.

या चुकीची एक खूण पक्की आहे. दोन बेरजांचे उजवीकडचे आकडे जुळतात, ८०,२०० आणि २०,२०० यांचे शेवटचे चारही आकडे सारखे आहेत, आणि फरक दशहजारांच्या पटीत येतो. असा फरक दिसला की पुन्हा सगळं मोजत बसायचं कारण नाही. ज्या ज्या ओळीत आकडा हजारांवर थांबला आहे, तिथे पुढे ‘आलिना’ होता का, एवढंच विचारायचं. दुसरी खूण भावाची. ८,००० ला ३५ ने भागलं तर २२८ आणि वर अपूर्णांक निघतो, असा भाव कोणी लावत नाही. २८,००० भागिले ३५ बरोबर ८०० येतात.

याचा दुसरा परिणाम गोंगाटाच्या जागी जाणवतो. मराठीत वाक्याची शेपूट ऐकू आली नाही तर सुटे पैसे जातात, मोठी रक्कम हाती राहते. मालागासीत शेपूट गेली तर लाख आणि दशहजार जातात, हाती सुटे राहतात. दुकानदाराच्या शेवटच्या शब्दावर शेजारून गाडी गेली, तर ‘रुआन्जातू’ एवढंच ऐकलेल्याच्या वहीत दोनशे राहतात. सुरुवात नीट ऐकली हा दिलासा इथे कामाचा नाही.

छापील आकडा मोठ्याने वाचतानाही हेच उलटं होतं. १९४७ हे साल ‘फितू आंबी एफापुलू सी सिविन्जातू सी आरिवू’. त्या वर्षीचा फ्रेंचांविरुद्धचा उठाव तिथल्या इतिहासात फार मोठा आहे, त्यामुळे हे साल वारंवार कानावर येतं. वाचणाऱ्याची नजर आधी आकड्याच्या उजव्या टोकाला जाते आणि तिथून डावीकडे सरकते. एकोणिसाव्या शतकात रोमन लिपी येण्याआधी या बेटावर अरबी लिपीत मालागासी लिहीत, ती सोराबे. उजवीकडून डावीकडे येणाऱ्या त्या लेखणीला वाटेत एककच आधी भेटतो.

‘सी’ ऐकू आला की नाही

क्रमापेक्षा अवघड जागा हीच आहे. शिकवण्यात ती बहुधा घाईने उरकली जाते.

‘रुआ आरिवू’ म्हणजे २,०००. ‘रुआ सी आरिवू’ म्हणजे १,००२. दोन्हींत रुआ आधी, आरिवू नंतर. मध्ये ‘सी’ नसेल तर गुणाकार, असेल तर बेरीज. मराठीत हा घोळ होऊच शकत नाही, कारण क्रमच वेगळा आहे: दोन हजार, एक हजार दोन. मालागासीत क्रम काही सांगत नाही, सगळा भार त्या एका छोट्या शब्दावर आहे. तसंच ‘तेलू आलिना’ म्हणजे ३०,००० आणि ‘तेलू सी इराय आलिना’ म्हणजे १०,००३.

खालच्या घरांत हेच काम ‘आंबी’ करतो. ‘रुआ आंबी फुलू’ १२, ‘रुआपुलू’ २०. ‘रुआ आंबी झातू’ १०२, ‘रुआन्जातू’ २००. इथे भाषेने थोडी मदत केली आहे. गुणाकार झाला की बहुतेक रूपांत आवाज बदलतो, फुलूचा पुलू आणि झातूचा न्जातू होतो. म्हणून ‘आंबी’ नीट ऐकू आला नाही तरी पुढचा शब्द साक्ष देतो. पुलू म्हणजे दशकांचा गुणाकार, फुलू म्हणजे वरची बेरीज. फक्त सिविफुलूला ही साक्ष नाही. ९० आणि १९ यांत ‘आंबी’ आहे की नाही, एवढाच फरक राहतो. आरिवू, आलिना, हेत्सी हे शब्द मात्र कुठेच बदलत नाहीत, म्हणून हजारांपासून वर कानाला आधार नाही.

आंबी कुठे आणि सी कुठे, याची ढोबळ वाट अशी. एकक आणि दशक यांच्या मध्ये आंबी. नुसत्या शंभराच्या वरही आंबी: १३१ म्हणजे ‘इराइका आंबी तेलूपुलू आंबी झातू’. दोनशेपासून पुढच्या घरांना जोडायला सी: २३१ म्हणजे ‘इराइका आंबी तेलूपुलू सी रुआन्जातू’. लिहून घेणाऱ्याच्या दृष्टीने आंबी असो वा सी, दोन्हींचा अर्थ एकच: इथून डावीकडे सरका.

अर्धा आला की चाल पालटते. साडेतीन म्हणजे ‘तेलू सी सासानी’, तीन आणि अर्धा. इथे पूर्ण संख्या आधी आणि अपूर्णांक मागून. कापुआकाच्या हिशेबात हे रोज लागतं, म्हणून ‘सासानी’ ऐकू आल्यावर डावीकडे सरकायचं नाही.

न बोललेलं घर

एकूण रकमेत, ‘रुआन्जातू सी वालू आलिना’मध्ये, एकक नाही, दशक नाही, हजारही नाही. शून्याला ‘आउट्रा’ हा शब्द आहे, पण संख्येच्या पोटातलं शून्य कोणी बोलत नाही, जसं आपण ‘ऐंशी हजार दोनशे’मध्ये बोलत नाही. फरक एवढाच, की आपल्याला ‘ऐंशी हजार’ ऐकल्यावर किती घरं पुढे आहेत हे आधीच कळलेलं असतं. मालागासीत २०० लिहिल्यावर पुढचा आकडा शेजारच्या घरात जायचा की एक घर सोडून, हे घराचं नाव ऐकल्याशिवाय कळत नाही. ‘वालू’ ऐकून लगेच ८ लिहिला तर तो हजाराच्या घरात पडतो, आणि ८,२०० होतात. म्हणून आकड्याचा शब्द ऐकून लिहायचं नाही, घराचा शब्द ऐकून लिहायचं.

कानाला फसवणारे आवाज

मालागासीत शब्दाच्या शेवटचा स्वर पुसट होतो, कुजबुजल्यासारखा. आरिवू हा ‘आरिव्’, आलिना ‘आलिन्’, एफाट्रा ‘एफाट्र्’ असा कानावर पडतो. वहीतल्या स्पेलिंगवरून शिकलेल्याला आणखी एक अडथळा येतो. रोमन लिपीत जिथे ‘ओ’ लिहितात तिथे उच्चार ‘ऊ’ आहे. ‘आरिवो’ अशी वाट पाहणाऱ्याला ‘आरिवू’ ओळखू येत नाही. झातूमधला झ हा हिंदी ‘ज़रा’मधल्या आवाजासारखा आहे.

जोड्या सांभाळायच्या त्या या. दिमामपुलू आणि एनिमपुलू, ५० आणि ६०: भरभर बोलताना पहिला स्वर दबतो, तेव्हा ‘द’ आहे का ते पकडायचं. दिमान्जातू आणि एनिन्जातू, ५०० आणि ६००: तेच. एफापुलू, एफाजातू यांत चाराचा ‘ट्रा’ गळालेला आहे. नुसता ‘एफा’ म्हणजे ‘आधीच, झालं’ असा वेगळा शब्द आहे, तो वाक्यात आला तर चार समजायचं नाही. वालू आणि वालून्जातू यांत घोळ होत नाही, पण ‘वालू आरिवू’ आणि ‘वालून्जातू सी आरिवू’, म्हणजे ८,००० आणि १,८००, यांत होतो. तिथे ‘न्जातू’ हाच आधार.

शहरांत व्यापारी लोक रकमा अनेकदा सरळ फ्रेंचमध्येच सांगतात, आणि एकाच वाक्यात भाव फ्रेंचमध्ये नि वजन मालागासीत असंही होतं. फ्रेंच मोठ्याकडून लहानाकडे जाते. भाषा बदलली की दिशा बदलते, म्हणून पहिला शब्द ऐकताच भाषा कोणती हे ठरवून लेखणी ठेवायची.

तेलाचा भाव आणि पाचाचा भागाकार

आता अशी कल्पना करा: क्रम सुधारला, आलिना सापडले, तरी तेलाची ओळ जुळत नाही. दुकानातल्या वयस्कर माणसाने लिटरचा भाव सांगितला ‘दिमान्जातू सी एनिना आरिवू सी एफाट्रा आलिना’, म्हणजे ४६,५००. चार लिटरचे १,८६,०००, मालागासीत ‘एनिना आरिवू सी वालू आलिना सी इराय हेत्सी’. गुणाकार बरोबर, ऐकणं बरोबर. एकूण मात्र २,२९,००० होतात, १,४८,८०० जास्त.

तो माणूस फ्रँकमध्ये बोलत होता. मादागास्करचं अधिकृत चलन आधी मालागासी फ्रँक होतं. २००३ साली नोटांवर आरिआरीला मुख्य मान मिळाला आणि १ जानेवारी २००५ पासून आरिआरी हेच अधिकृत चलन झालं. एक आरिआरी म्हणजे पाच फ्रँक. त्यानंतरही लोकांच्या तोंडी फ्रँकचा हिशेब बरीच वर्षं टिकला, विशेषतः वयस्कर माणसांच्या आणि गावाकडच्या बाजारांत. जुन्या नोटांवर २,००० आरिआरीच्या शेजारी लहान अक्षरांत १०,००० फ्रँक छापलेले असत.

पाचच का, याचं उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. तेव्हा आरिआरी म्हणजे चांदीचं मोठं नाणं, आधी स्पॅनिश डॉलर आणि नंतर फ्रेंचांचं पाच फ्रँकचं. शब्दही अरबीतल्या ‘रियाल’वरून आला. सुट्ट्यासाठी नाणं तोडून तुकडे तराजूत तोलत. चौथा हिस्सा किरूबू, चोविसावा वुआमेना, आणि अगदी खाली भाताच्या एका दाण्याचं वजन, नाण्याचा ७२० वा भाग. आजही आरिआरीचे शंभर भाग नाहीत, पाच आहेत, त्याला इरायम्बिलान्जा म्हणतात. दशमान नसलेलं चलन आज जगात मादागास्कर आणि मॉरिटानिया या दोनच देशांत उरलं आहे, आणि दोन्हीकडे भागाकार पाचाचाच.

संख्येच्या शब्दांत चलन कळत नाही. ४६,५०० हा शब्द दोन्हींत तोच. म्हणून फ्रँकचे आरिआरी तोंडी करायची रीत हाताशी हवी: दुप्पट करा आणि शेवटचं शून्य पुसा. ४६,५०० चे ९३,०००, शून्य पुसलं की ९,३००. उलट जायचं तर निम्मं करून एक शून्य वाढवा: ३७,२०० आरिआरीचे १८,६०० आणि मग १,८६,००० फ्रँक. भाव अंदाजाच्या पाचपट वाटला तर विचारायचा प्रश्न सोपा आहे: ‘आरिआरी सा फ्रां?’ म्हणजे आरिआरी की फ्रँक. ‘सा’ हा प्रश्नातला ‘की’.

वही पुन्हा लिहिताना

पानावर सहा उभे रकाने आखा. उजवीकडून डावीकडे वर लिहा: एकक, फुलू, झातू, आरिवू, आलिना, हेत्सी. मोठा व्यवहार असेल तर तापिट्रिसाचा सातवा. लेखणी उजव्या टोकाला ठेवा.

आकड्याचा शब्द ऐका आणि थांबा. घराचा शब्द आला की त्या रकान्यात आकडा टाका. आंबी किंवा सी आला की डावीकडे पाहायला लागा. घराचं नाव नुसतंच आलं, पुढे-मागे आकडा नाही, जसं ‘सी आरिवू’, तर तिथे १. घेवड्याचा भाव ‘दिमामपुलू सी रुआन्जातू सी आरिवू’ असा आला तर फुलूत ५, झातूत २, आरिवूत १. एकक रिकामा राहिला, तिथे शून्य. १,२५०.

रक्कम संपली हे ‘आरिआरी’ या शब्दावरून कळतं, कारण चलनाचं नाव संख्येच्या मागून येतं. ‘वालू आरिवू सी रुआ आलिना आरिआरी.’ तो शब्द ऐकू येईपर्यंत ओळ पूर्ण समजायची नाही. दुकानदार चलन बोलत नसेल तर ‘आवेरेनू, आझाफादी’ म्हणजे ‘पुन्हा सांगा, कृपया’ म्हणा आणि या वेळी सुरुवातीकडे दुर्लक्ष करून फक्त शेवट ऐका. सुरुवात वहीत आलेलीच आहे.

मग रिकाम्या रकान्यांत शून्यं भरा आणि रक्कम त्याला मालागासीत वाचून दाखवा, उजव्या रकान्यापासून. फ्रेंचमध्ये किंवा बोटांवर सांगण्यापेक्षा हे बरं, कारण चूक त्याच दिशेने पकडली जाते ज्या दिशेने झाली. वाचताना ‘सी’ स्पष्ट उच्चारा. तो गिळला तर एक हजार दोनचे दोन हजार तुमच्याच तोंडून होतील.

सरावासाठी सगळ्यांत चांगलं पुस्तक म्हणजे नोटा. प्रत्येक नोटेवर किंमत अक्षरांत छापलेली असते: झातू आरिआरी, रुआन्जातू आरिआरी, दिमान्जातू आरिआरी, आरिवू आरिआरी, रुआ आरिवू आरिआरी, दिमी आरिवू आरिआरी, इराय आलिना आरिआरी आणि २०१७ पासून रुआ आलिना आरिआरी. १००, २००, ५००, १,०००, २,०००, ५,०००, १०,०००, २०,०००. शेकडा, हजार आणि दशहजार ही तिन्ही घरं आणि त्यांच्या गुणाकाराचे नमुने त्यांत आहेत.

सुधारलेल्या वहीत तांदळाच्या ओळीत आरिवूत ८ आणि आलिनात २, घेवड्याच्या ओळीत आरिवूत ५ आणि आलिनात १, तेलाच्या ओळीत झातूत २, आरिवूत ७, आलिनात ३. बेरीज उजवीकडून करायची, तीही नेहमीसारखीच. झातूत २. आरिवूत ८, ५, ७ मिळून वीस, तिथे शून्य आणि हातचे दोन. आलिनात २, १, ३ आणि हातचे २, मिळून आठ. रुआन्जातू सी वालू आलिना. आधी दोनशेची एक नोट, मग तिच्यावर वीस हजारांच्या चार.